सावलीची वास्तू : ग्रीकांचा स्तोआ आणि आपली ओवरी

१/२२
बिबवेवाडीच्या रस्त्यावर वळवाचा पाऊस अचानक कोसळतो, तेव्हा काय होते ते आठवून पाहा. दुचाकीस्वार गाड्या कडेला लावतात आणि दहा-पंधरा अनोळखी माणसे एखाद्या दुकानापुढच्या छपराखाली गोळा होतात. कुणी कुणाची ओळख विचारत नाही. दुकानदारही "काय हवे?" असे विचारत नाही. वीस मिनिटे ती जागा कुणाचीच नसते आणि सर्वांची असते.

या वीस मिनिटांच्या सोयीला ग्रीकांनी दगडी वास्तूचे कायमस्वरूपी रूप दिले. त्या वास्तूचे नाव स्तोआ. आजचा धागा तिच्याविषयी, आणि तिच्या आपल्याकडील नात्यातल्या वास्तूंविषयी.

२/२२
स्तोआची रचना अगदी साधी आहे. मागे एक लांबलचक भिंत, पुढे खांबांची रांग आणि दोहोंवर छप्पर. समोरची बाजू पूर्ण उघडी. दार नाही, उंबरठा नाही, म्हणून आत आणि बाहेर यांच्यामध्ये अडवणूकही नाही.

मोठ्या स्तोआत मधोमध खांबांची दुसरी रांग असे. बाहेरचे खांब बहुधा डोरिक शैलीचे, म्हणजे बुटके, भक्कम आणि साधे असत. आतले आयोनिक, म्हणजे सडपातळ आणि उंच. आढ्याचा भार आतल्या रांगेवर येई म्हणून तिची उंची अधिक. हे खांब पुष्कळदा दुप्पट अंतरावर ठेवीत, त्यामुळे माणसांना फिरायला जागा मोकळी राही.

३/२२
या रचनेमागे उन्हाचा हिशेब होता. सॉक्रेटिसच्या आठवणी लिहिणाऱ्या झेनोफोनने घराविषयीचे त्याचे एक मत नोंदवले आहे. सोपा दक्षिणाभिमुख असावा, म्हणजे हिवाळ्यात कललेले ऊन आतपर्यंत येते आणि उन्हाळ्यात सूर्य छपराच्या वरून जातो, खाली सावली राहते.

वाड्याच्या ओसरीवर दुपार काढलेल्या कोणत्याही आजीने हे वाचले असते, तर "यात नवे ते काय?" असेच विचारले असते.

४/२२
अथेन्सच्या अगोरात, म्हणजे नगराच्या मुख्य चौकात, अनेक स्तोआ होते. त्यांतील एक छोटासा 'राजस्तोआ'. धार्मिक खटले पाहणाऱ्या अधिकाऱ्याची बसण्याची जागा तिथे होती. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सच्या कायद्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा सुधारित कायदे दगडावर कोरून याच ठिकाणी लावण्यात आले.

कायदा कपाटात राहिला की तो अधिकाऱ्यांचा होतो. छपराखाली, रस्त्यालगत, भिंतीवर आला की तो वाचणाऱ्याचा होतो. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर आरोप ठेवला गेला, तेव्हा त्याला प्रथम हजर व्हावे लागले ते याच स्तोआत.

५/२२
दुसरा 'चित्रस्तोआ'. इ.स.पू. ४६०च्या सुमारास तो उभा राहिला. पॉलिग्नोटस, मिकोन इत्यादी नामवंत चित्रकारांनी त्याच्या भिंती सजवल्या होत्या. मॅरेथॉनची लढाई, ट्रॉयचा पाडाव, अॅमेझॉन स्त्रियांशी युद्ध असे विषय होते. पुढे स्पार्टाकडून जिंकलेल्या ढालीही तिथे टांगल्या गेल्या.

संग्रहालय ही कल्पना जन्माला येण्यापूर्वीच अथेन्सच्या कोळ्याला, कुंभाराला आणि भाजीवाल्याला आपल्या शहराचा इतिहास चालता चालता, फुकट पाहता येत होता.

६/२२
इ.स.पू. ३००च्या सुमारास सायप्रस बेटावरचा झेनो नावाचा एक माणूस या चित्रस्तोआत येरझाऱ्या घालत शिकवू लागला. तो मूळचा व्यापारी होता आणि जहाज फुटल्याने त्याचा माल बुडाला होता, असे त्याचे प्राचीन चरित्र सांगते.

याच सुमारास अथेन्समध्ये एपिक्युरसही शिकवत होता. तो अथेन्सचा नागरिक होता. त्याने बाग विकत घेतली आणि तिथे आपली शाळा भरवली. झेनो परका होता आणि परक्यांना तिथे जमीन घेण्याचा हक्क सहसा नसे. एकाच्या मागे मालमत्ता होती, दुसऱ्यापाशी होते ते सार्वजनिक छप्पर.

७/२२
स्तोआत शिकवतात म्हणून झेनोचे अनुयायी 'स्तोइक' म्हणवले जाऊ लागले. समाजमाध्यमांवर आज पावलोपावली दिसणारा 'स्टोइक' हा शब्द मुळात 'ओसरीवरचे' एवढ्याच अर्थाचा आहे!

पुढे या परंपरेत एपिक्टेटस हा गुलामगिरीतून आलेला विचारवंत झाला आणि मार्कस ऑरेलियस हा रोमन सम्राटही झाला. गुलाम आणि सम्राट यांना एकाच पंक्तीला बसवणारे तत्त्वज्ञान भाडे न लागणाऱ्या जागेत सुरू झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

८/२२
तिसरा स्तोआ अॅटेलसचा. पर्गमॉनचा राजा दुसरा अॅटेलस (राज्यकाळ इ.स.पू. १५९ ते १३८) तरुणपणी अथेन्समध्ये शिकला होता. त्या शहराला त्याने गुरुदक्षिणा म्हणावी अशी ही वास्तू दिली. लांबी सुमारे ११५ मीटर, रुंदी सुमारे २० मीटर, दोन मजले आणि प्रत्येक मजल्यावर मागच्या बाजूस २१ दुकाने.

पुढे सावली आणि मागे गाळे. बिबवेवाडीच्या शेजारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळ्यांपुढच्या छपराखाली सौदे होताना पाहिले असतील, तर अॅटेलसच्या स्तोआतील सकाळ डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडणार नाहीत.

९/२२
या स्तोआतली एक बारीकशी गोष्ट फार बोलकी आहे. तळमजल्यावरच्या बाहेरील खांबांचा वरचा भाग उभ्या पन्हळींनी कोरलेला आहे. खालचा सुमारे एक तृतीयांश भाग मात्र गुळगुळीत सोडला आहे. लोक टेकणार, ओझी घासणार, पन्हळींच्या कडा तुटणार, हे शिल्पकाराने आधीच ओळखले होते.

ज्या वास्तूत माणूस टेकणार हे गृहीत धरलेले असते, ती माणसासाठी बांधलेली असते. स्तोआची यापेक्षा चांगली व्याख्या मला सुचत नाही.

१०/२२
इ.स. २६७ मध्ये हेरूली टोळ्यांनी अथेन्सवर हल्ला केला आणि हा स्तोआ उद्ध्वस्त झाला. त्याचे अवशेष नंतरच्या तटबंदीत सामावले गेले, म्हणूनच काही भाग टिकला. १९५३ ते १९५६ या काळात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी त्याची मूळ जागी पुनर्बांधणी केली. आज तिथे अगोराचे संग्रहालय आहे.

१६ एप्रिल २००३ रोजी दहा नव्या देशांना युरोपीय संघात घेणाऱ्या करारावर सह्या झाल्या, त्याही याच छपराखाली.

११/२२
आता आपल्याकडे वळू. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपली ओसरी ग्रीकांकडून आली, असा दावा हा धागा करत नाही. कडक ऊन आणि लाकडी खांब जिथे आहेत, तिथे माणूस हा शोध स्वतंत्रपणे लावतो. तरीही ग्रीक जगाशी संबंध सांगणारे लोक आणि आपल्या सह्याद्रीतील खांबांच्या रांगा यांची गाठ एकदा खरोखर पडली. ती नाशिकला.

१२/२२
नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांपैकी १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर एक ब्राह्मी लेख आहे. लेणे कोरवणाऱ्या दात्याचे नाव इंद्राग्निदत्त, त्याच्या वडिलांचे नाव धम्मदेव. गाव दातामिती. तो स्वतःला 'उत्तरेकडचा' आणि 'योणक', म्हणजे यवन म्हणवतो.

दातामिती हे नाव अभ्यासक दिमित्रियस या ग्रीक राजाच्या नावाशी जोडतात. नाव भारतीय, श्रद्धा बौद्ध, ओळख यवन! कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबही धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. हे यवन वंशाने ग्रीक होते, की पश्चिमेकडून आलेल्यांना सरसकट तसे म्हणत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

१३/२२
इतिहासाची गंमत पाहा. त्याच डोंगरात तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव करताना ती त्याला शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा म्हणते.

एका ओसरीत यवनांचा संहारक आणि काही पावलांवरच्या दुसऱ्या ओसरीत यवन दाता. राजकारणातला यवन आणि शेजारी राहणारा यवन या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे एवढ्या जवळून सांगणारे ठिकाण क्वचितच सापडेल.

१४/२२
दहाव्या लेण्याची ओसरी तर राजस्तोआची बहीणच शोभते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एक आर्थिक दस्तऐवजच कोरून ठेवला आहे. ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

२००० वरचे व्याज वर्षाला २४० होते. वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. २० गुणिले १२, बरोबर २४०. एका कार्षापणाचीही चूक नाही.

१५/२२
लेखात पुढे म्हटले आहे की हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि रीतसर नोंदवला. नंतर तो ओसरीत कोरला गेला. मूळ रकमेला हात लावायचा नाही, ही अट आल्यागेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे राहिली.

अथेन्सचे कायदे आणि नाशिकची ठेवपावती. दोन्हीकडे एकच शहाणपण आहे. जे सर्वांसाठी आहे ते सर्वांना दिसेल अशा जागी लिहावे, आणि लिहिलेले पावसात झिजू नये म्हणून वर छप्पर असावे.

१६/२२
याच ओसरीत आणखी एक छोटा लेख आहे. उषवदाताची पत्नी, नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने एक खोली दान दिली, असे तो सांगतो. खोलीसाठी तिथे वापरलेला शब्द आहे 'ओवरक', संस्कृत 'अपवरक'.

ओळखीचा वाटला? देवळाच्या आवाराभोवती खांबा-कमानींच्या रांगेत असते ती आपली ओवरी याच शब्दाच्या कुळातली. जेजुरीच्या गडावर पाय भाजत असताना आपण ओवरीच्या सावलीत शिरतो, तेव्हा जवळजवळ एकोणीसशे वर्षे जुना शब्द आपल्या तोंडी असतो.

१७/२२
जेजुरीचे तटबंद आवार मुख्यतः अठराव्या शतकात, होळकरांच्या आश्रयाने आजच्या रूपास आले. तिथल्या ओवऱ्यांचे काम ग्रीक तीर्थक्षेत्रांतील स्तोआंसारखेच होते. दुरून आलेल्यांनी पथारी टाकावी, भाकरी सोडावी, रात्र काढावी. एपिडॉरस येथे रोगी देवाच्या दृष्टान्ताची वाट पाहत निजत, तीही स्तोआसारखीच खांबांची पडवी होती.

यात्रेकरूला देव हवा असतो हे खरे. पण आधी त्याला बूड टेकायला जागा हवी असते.

१८/२२
पुण्यातल्या वाड्यांनी हेच गणित लाकडात सोडवले. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, त्यावर तुळई, आणि दोन खांबांमधला अवकाश म्हणजे एक खण. घर किती मोठे ते खणांत मोजायचे. चौकाभोवती ओसरी आणि ओसरीवर साऱ्या घराचा व्यवहार. हिशेब तिथे, पाहुणे तिथे, आणि पंतोजींची शाळाही पुष्कळदा तिथेच. झेनोचे शिष्य आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी पोरे यांची शाळा एकाच प्रकारच्या छपराखाली भरत होती.

१८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्यात पेशवाई बुडाल्यानंतर, १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजची मुळे या वाड्यात आहेत.

१९/२२
पण ओसरीचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी" ही म्हण ओसरीच्या मालकाची चिंता सांगते. ज्यांना ओसरीवर पाऊलच ठेवू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी तर म्हणसुद्धा तयार झाली नाही. त्यांची जागा अंगणाच्याही बाहेर होती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांनी मोडली ती हीच न दिसणारी रेषा. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.

अथेन्सही निर्मळ नव्हते. स्तोआत गुलामही वावरत, पण भिंतीवरच्या कायद्यांनी त्यांना माणसाचे हक्क दिले नव्हते. उघडी वास्तू असली म्हणजे समाज उघडा होतोच असे नाही.

२०/२२
खांब आणि सावली यांची फारकत होते तेव्हा काय घडते, तेही पाहू. १८३३ साली मुंबईचा टाउन हॉल पुरा झाला. आज तिथे एशियाटिक सोसायटी आहे. रुंद उंच पायऱ्या आणि वर डोरिक खांब. वास्तू देखणी आहे यात शंका नाही, पण ते खांब रस्त्यावरच्या माणसाला बोलावण्यापेक्षा राज्यकर्त्यांचा रुबाब दाखवण्यासाठी उभे होते.

त्याच मुंबईत हॉर्निमन सर्कल आणि दादाभाई नवरोजी मार्गावरच्या कमानदार पदपथांनी मात्र स्तोआचा आत्मा उचलला. वर कचेऱ्या, खाली पादचाऱ्यांना सलग छप्पर. इटलीतील बोलोन्या शहराने तर १२८८ सालीच नव्या घरांपुढे असा छप्परपथ सक्तीचा केला. जागा घरमालकाची, वापर साऱ्या गावाचा. २०२१ साली बोलोन्याचे छप्परपथ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

२१/२२
आज आपल्या उपनगरांत ग्रीक खांबांना तोटा नाही. मंगल कार्यालयांच्या दारात, बंगल्यांच्या दर्शनी भागात प्लास्टरचे पांढरे खांब पानाफुलांसह उभे असतात. मात्र त्यांच्या मागे भिंत चिकटलेली असते. दोहोंमध्ये माणूस उभा राहील एवढी जागाच नसते. ग्रीकांचा खांब आपण घेतला आणि त्यांची सावली तिथेच सोडून आलो.

जिथे छप्परपथ आहेत तिथे ते माल, फलक आणि गाड्यांनी भरतात. फेरीवाल्यालाही सावली हवी आणि पादचाऱ्यालाही हवी. या दोघांत भांडण लागते, कारण मुळात सावलीच अपुरी बांधली गेली आहे. एप्रिलच्या दुपारी 'अप्पर'च्या बसची वाट पाहत विजेच्या खांबाच्या हातभर सावलीत एकामागे एक उभ्या राहिलेल्या माणसांची रांग पाहा. तीही एक खांबांची रांगच आहे, फक्त छप्पर नाही.

२२/२२
म्हणून वारसा म्हणजे काय, हा प्रश्न स्तोआच्या निमित्ताने वेगळ्या तऱ्हेने विचारता येतो. डोरिक कोणता आणि आयोनिक कोणता हे ओळखता येणे चांगलेच. पण पैसे न देता, ओळख न सांगता, अर्धा तास बसता येईल अशा किती जागा आपल्या शहरात उरल्या आहेत, हे मोजणे अधिक महत्त्वाचे. झेनोपाशी जमीन नव्हती, तरी त्याचा विचार टिकला, कारण शहराने त्याला छप्पर दिले होते.

मित्रहो, पुढच्या सुट्टीत कामशेतजवळच्या बेडशाला जा. चैत्यगृहासमोरच्या ओसरीतील उंच खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत, ती जरूर पाहा. मग पाच मिनिटे खांबाला न टेकता, त्याच्या सावलीत स्वस्थ बसा. आणि परतल्यावर आपल्या गल्लीतली, पेठेतली किंवा गावातली एखादी ओसरी, ओवरी वा पडवी, जी आजही अनोळखी माणसाला बसू देते, तिच्याविषयी खाली लिहा. ती यादी आपण मिळून करू.